पाकिटावरचे मामंजी

आमच्या ह्यांनी सिगारेट सोडावी म्हणून जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या डॉक्टरांनी घसा कोरडा केला, मी केला, लेकीने जर्मनमध्ये केला. फुप्फुसावर डाग निघाला तरी राजनराव ढिम्म. म्हणे, "सोडायला कारण लागतं, कुमुदिनी." जीव हे कारण पुरत नव्हतं!

एका मंगळवारी बाल्कनीतून किंचाळले, "बाबा!" जाऊन बघते तर पेटती सिगारेट पाठीमागे लपवून उभे. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. पाकिटावरच्या इशाऱ्याच्या चित्रात खाटेवर कुणी आजारी म्हातारा होता. तेच टक्कल, तेच कान. जन्मात ह्यांनी वडिलांसमोर सिगारेट धरली नव्हती. पाकीट उलटं केलं, तर मागेही मामंजी.

दुसऱ्या दिवसापासून किऑस्कवर "हे नको, सडक्या दातांचं द्या" सुरू झालं. मी कसली गप्प बसते! टाकलेली पाकिटं गोळा करून मामंजी कापले आणि बाल्कनीत, गाडीत, तळघरात, बैठकीत चिकटवले. शेजारच्या फ्राउ केलरने विचारलं, "कोण हे?"

"सासरे."

"सगळीकडे?"

"एकत्र कुटुंब."

दिवसाला विसाच्या तीन झाल्या. त्या तीन काही सुटेनात.

रविवारी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. भिंतीकडे बघून त्यांनी पदर सावरला. "अगं बाई, ह्यांचा हा फोटो कुठला?"

ह्यांनी सगळं सांगून टाकलं. सासूबाई हसल्या. "अरे, तेही ओढायचे. गच्चीवर, तुझ्यापासून लपून. तू चौथीत असताना एकदा वर गेलास आणि पेन्सिल ओठांत धरून त्यांची नक्कल केलीस. त्याच दिवशी सोडली. तुला आठवत नसेल."

बापच ओढत होता म्हटल्यावर आता धाक कसला?

पण हे शेजारी बसलेल्या अन्वीकडे बघत होते. एकोणीस वर्षं लेकीसमोर बिनदिक्कत धूर काढला होता.

"अन्वी, तू...?"

"आल्झो... म्हणजे, पापा..." म्हणत तिने बॅग पाठीमागे सरकवली. अगदी ह्यांच्यासारखी.

हे उठले. खिशातलं पाकीट फोडून इथल्या कचऱ्याच्या शिस्तीप्रमाणे पुठ्ठा कागदाच्या डब्यात टाकला, चांदी पिवळ्या डब्यात, सिगारेटी चुरगळून काळ्या डब्यात. मग तिच्यापुढे हात पसरला. "तुझंही दे, बाळा."

तिने बॅगेतून काढून दिलं. त्यावरही मामंजीच होते. फक्त आजोबांच्या डोळ्यांवर तिने स्टिकर चिकटवलं होतं.