चाळीस मिनिटं

"जावईबापू, तुम्ही आणलेल्या नव्या फोनने काल पुन्हा दुपारीच मान टाकली," सासूबाई सकाळी सकाळी फोनवर म्हणाल्या.

त्याने कपाळावर हात मारला. आधी दोन बॅटऱ्या बदलल्या, मग चार्जर, शेवटी अख्खा फोन. "आई, दिवसभर व्हिडिओ बघत असाल."

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. व्हिडिओ बघू की कपाळ?"

टेकडीमागे त्या एकट्या राहत. आजूबाजूची घरं बंद, गुडघे कुरकुरणारे. पडल्या आणि फोनही बंद असला तर हाक कोणाला मारणार? आणि हा जावई मोबाइल कंपनीत, नेटवर्कची वीज वाचवण्याच्या कामावर! सासूचा एक फोन चालू ठेवता येईना.

चरफडतच त्याने ऑफिसात त्या टेकडीची नोंद उघडली. टेकडीवर एक रिले होता, टॉवरचा सिग्नल पलीकडे पोचवणारी पेटी. तिच्यापुढे लिहिलं होतं: झोपवलेला.

"कोणत्या शहाण्याने हा बंद केला?"

"तुम्हीच," रिले सांभाळणाऱ्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "रोज निदान चाळीस मिनिटं बोलणं नसेल तर रिले झोपवायचा. नियम तुमचा. टाळ्या घेतल्या होत्यात त्यावर."

घ्या! रिले जागा असला की फोनला कुजबुजलं तरी पुरतं. तो झोपला की थेट दूरच्या टॉवरला ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडण्यात बॅटरी जाते. कंपनीची वीज वाचली, म्हातारीची बॅटरी जळली. पण त्याच्या तक्त्यात म्हातारीच्या बॅटरीला रकानाच नव्हता.

मग इतकी वर्षं हा रिले जागा राहिला कसा? तो मागे मागे गेला. रोज दुपारी चार वाजता पन्नास मिनिटं, बावन्न, अठ्ठेचाळीस. मग एका मंगळवारपासून शून्य. शून्य. दोन. शून्य.

त्या मंगळवारची तारीख त्याला वाचावी लागली नाही. त्या दिवशी बायकोला दवाखान्यात नेलं होतं, आणि तो एकटाच परत आला होता.

ती रोज चारला आईला फोन लावायची. तो वैतागायचा. "भाजी निवडलीस तेही सांग तिला," म्हणायचा. ती सांगायचीसुद्धा.

"मॅडम, रिले चालू करा."

"एका फोनसाठी? आठवडाभर करते. आकडा आला तर राहील, नाहीतर परत झोपेल. मी काय करू, नियम तुमचा."

चार वाजता जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला.

"कोणाला काय झालं?" सासूबाई घाबरल्या.

"काही नाही. बोला."

"काय बोलू?"

"मला काय माहीत! तिच्याशी बोलायचात ते बोला."

पलीकडे गुडघे सांभाळत, खुर्ची ओढून बसल्याचा आवाज. मग नाक ओढल्याचा. "तुम्ही आजवर दोन मिनिटांच्या वर कधी बोलला नाहीत, जावईबापू."

त्याने घड्याळ पाहिलं. अजून सदतीस मिनिटं. जीव नकोसा झाला. तो पायरीवर बसला.

"तुमचा तो नळ अजून गळतो का?"

"गळतो."

"एवढंच? नीट सांगा, आई. अगदी पहिल्यापासून."