सहा माळा, की पाच?

ही गोष्ट काशीतली, १९९५ सालच्या कार्तिकातली. साल विसरणं शक्य नाही. यजमान जाऊन चौथं वर्ष होतं आणि विद्यापीठातल्या माझ्या तात्पुरत्या नोकरीची मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती. दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेचे प्रमुख नीलकंठसर सही करायचे, मग नोकरी पुढं चालायची. माझं आणि माझ्या मुलाचं, रोहनचं, घर त्या सहीवर चालत होतं.

कार्तिकात मी पहाटे पंचगंगा घाटावर स्नान करून थेट प्रयोगशाळेत जाई. महिनाभर चामडं शिवायचं नाही असं माझं व्रत, म्हणून चामडी पट्ट्याचं मनगटी घड्याळ रामघाटावर घरीच राही. जपमाळ मात्र पिशवीत असायची.

आमच्याच गल्लीतली मालविका तिथं पीएच.डी. करत होती. ताप असह्य झाला की पेशी आतल्या आत धोक्याची वर्दी देते आणि स्वतःला वाचवायच्या तयारीला लागते, हा तिचा विषय. फळमाशीच्या अळ्या गरम पाण्यात ठेवायच्या, सदतीस अंश, तीस मिनिटं. मग त्यांच्या लाळग्रंथी काढून रसायनात ठेवायच्या. ज्या पेशीनं वर्दी दिली ती निळी व्हायची. तापवायचं काम माझं.

त्या सोमवारी अळ्या पाण्यात सोडल्या आणि गजराच्या घड्याळाची स्प्रिंगच तुटली. मालविका ग्रंथालयात गेलेली. माझी एक माळ पाच मिनिटांत होते, सहा माळा म्हणजे अर्धा तास. मी जप सुरू केला. मध्येच कुणी दारातून विचारलं, "साहब हैं क्या?" मी मानेनंच नाही म्हटलं. पण त्या नादात चौथी झाली की पाचवी, ते कळेना. अंदाजानं थांबले आणि वहीत लिहिलं: तीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मालविका सूक्ष्मदर्शकावरून उठली.

"काकू, ये देखो ना! एक निळी, शेजारची पांढरीफटक. एकाच ग्रंथीत! घड्याळ लावलं होतं ना?"

"लावलं होतं," मी म्हटलं.

आदल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या गोपीनाथ नावाच्या मदतनिसानं थर्मामीटर न बघताच वहीत अंश लिहिले होते. सरांनी त्याला त्याच दुपारी घालवलं. त्याचा जेवणाचा डबा टेबलावर राहिला होता. तो डबा आता मला पुन्हा दिसायला लागला.

सरांनी सूक्ष्मदर्शकाखालची काच पाहिली. "हे तापवणाऱ्याचं काम आहे. शनिवारी वही घेऊन दोघी या."

चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. घाटावर मागून एक नावाडी ओरडला, "माई, पैर संभाल के!" तर मला वाटलं, सरांचा माणूस आला. जपाला बसले की बोटं तिसऱ्या मण्यावरच अडकायची. रोहन म्हणाला, "आई, आमटीत आज गंगेऐवजी समुद्र ओतलास का?" मला हसूही आलं नाही.

शुक्रवारी मालविकाला गाठलं. "मालू, सोमवारी घड्याळ बंद पडलं होतं."

"मग तीस मिनिटं मोजली कशी?"

मी माळ पुढं केली.

"हद है, काकू! माझ्या अळ्यांना मोक्षच दिलात की!" ती खदखदून हसली आणि मग वही पुढं ओढली. "सहा झाल्या होत्या?"

"सहा. किंवा पाच."

तिनं स्वतःचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दिवसभर आम्ही अळ्या तापवल्या: पंचवीस मिनिटं, तीस, पस्तीस, आणि एक खेप माळेवर.

शनिवारी सकाळी रंग चढलेला होता. जास्त वेळ तापवलेल्यांत निळ्या जास्त, पण सगळ्या निळ्या कुठंच नाहीत. शेजारीशेजारी बसलेल्या पेशी, सगळ्यांना ताप तोच, तरी एकीनं वर्दी दिलेली आणि दुसरी गप्प.

"पेशीच तशा आहेत," मालविका कुजबुजली. "काकू, आता वहीचं बोलूच नका."

सर एकेक काच बघत गेले. मग वही उघडली. "सोमवारचे तीस घड्याळावरचे?"

मालविका माझ्याकडे बघत नव्हती. हो म्हणायला मला एक श्वास पुरला असता. पण तो खोटा आकडा तिच्या प्रबंधात गेला असता, तिच्या नावावर.

"नाही, सर. घड्याळ बंद होतं. माळेवर मोजले. पाच झाल्या की सहा, ठाऊक नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "दोष माळेचा नाही, आनंदीबाई. वहीतल्या तीसचा आहे."

डिसेंबरात सही झाली नाही.

मालविकाला सर सरासरी काढायला सांगत होते, ती ऐकेना. एकेका पेशीचा हिशेब वेगळा मांडला, त्यात प्रबंध वर्षभर लांबला. सोमवारच्या नोंदीपुढं तिनं 'वेळ अनिश्चित' असं लिहिलं. आज बंगळुरूला तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे, प्रश्न अजून तोच: एकच ताप, पेशी वेगळ्या का वागतात? सर निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेले. गोपीनाथनं विद्यापीठाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी टाकली, ती आता त्याचा मुलगा चालवतो. रोहन रेल्वेत लागला. मला मुलींच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचं काम मिळालं, तिथं मी अठरा वर्षं होते. पहिल्याच आठवड्यात मनगटी घड्याळाला स्टीलचा पट्टा बसवून घेतला.

माळ तीच आहे. आता एका माळेला सात मिनिटं लागतात.