खांबाचं गाणं

जरा डोळे मिटून बघा बरं. संध्याकाळ होत आली आहे आणि तुम्ही समुद्राकाठच्या एका उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभे आहात. पाऊस सरून महिना झालाय. गुडघाभर गवत पिवळं पडत चाललंय आणि वारा आला की सगळा सडा झोपेत कूस वळल्यासारखा हलतो. खाली पाणी संथ श्वास घेतंय. तुम्ही पाऊल टाकलं की पुढ्यातलं एखादं पातं टुणकन उडतं, चार हातांवर पडतं आणि पुन्हा गवत होऊन जातं. दिसलं? मग आता डोळे उघडा. कारण त्यातलंच एक पातं नेमकं अक्षताच्या फ्रॉकवर येऊन बसलंय.

"आबा, नाकतोडा!" अक्षतानं दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं.

"हात काढ गं! एवढंसं नाक तुझं, त्ये तोडून त्याच्या पदरात काय पडनार?" केरबा गरजले.

केरबा नेहमी गरजतच. त्यांचा उभा जन्म कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत, लोखंडाची ओतीव कास्टिंग घासायच्या ग्राइंडरवर गेलेला. तिथं हळू बोलणाऱ्याला विचारतो कोण? आता ते घरी बसले होते, पण आवाज अजून कामावरच होता.

घरी बसले म्हणजे नुसते बसले नव्हते. रोज दिवेलागणीला कळंब्याच्या तळ्याकाठी गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती जमत. केरबा खिशातून कंगवा काढत.

"रातकिडा तोंडानं गात न्हाय बरं का. त्याच्या एका पंखाला असं दातं असत्यात, दुसऱ्याची कड त्याच्यावर घासली की झालं गानं." मग ते कंगव्याच्या दातांवरून नख ओढत. किर्र. पोरं खूश होत. आणि मग केरबा उसासा टाकत. "पन आता कुठलं रातकिडं? प्लॉट पडलं, बंगलं उठलं. गेलं बिचारं. म्या शेवटचा ऐकला, त्याला वर्सं लोटली."

पोरं हळहळत. सगळ्यांत जास्त हळहळे ती त्यांची नात अक्षता.

म्हणून तर केरबांनी लेकाच्या, प्रसेनजीतच्या, मागं लकडा लावला होता. "माझं डोळं मिटायच्या आत पोरीला एकदा जिता रातकिडा ऐकवायचाय. तळ्यावर न्हाईत, समुद्राकडं तरी असतील की." अखेर प्रसेनजीतनं गाडी काढली आणि तिघं घाट उतरून या सड्यावर आले. इथं गवतातल्या किड्यांची ओळख करून देणारी क्रांती मूळची कोल्हापूरजवळच्या गारगोटीची निघाली. "पावणं, म्हंजे घरचंच की तुमी!" म्हणत तिनं त्यांना पायवाटेवर घेतलं. मातकट टोळ उडाला की आतले लाल पंख कसे झळकतात, ते दाखवलं. मग सूर्य पाण्याला टेकला तशी ती थांबली.

"आता कुनी बोलू नका. ऐका."

सगळे थांबले. केरबांनी डोळे मिटले. लाट आली, गेली. वारा गवतावरून चालत गेला. ते वाट बघत राहिले. पुन्हा लाट आली.

अक्षता मात्र मान वळवून चहूकडे काहीतरी शोधत होती.

"आबा, हितं खांब न्हाय की."

"कसला खांब?"

"लाइटचा. मग खांबाचा आवाज कुठनं येतोय?"

"खांबाचा आवाज?" क्रांतीला काही कळेना.

"आमच्या तळ्याकाठी येतोय की रोज. आबा रातकिडं शिकिवत्यात तवा मागनं वाजतोय, किर्र किर्र. दिवा लागला की खांब वाजतोय."

क्रांती खळखळून हसली. "अगं बाय, खांब कुठला! ह्योच रातकिडा. तुज्या पायाजवळच्या बिळात बसलाय."

अक्षताचं तोंड उघडंच राहिलं. केरबांनी डोळे उघडले आणि लेकाकडं बघितलं.

"तुला येतोय ऐकू?"

"व्हय, आबा."

"आन् तळ्यावर?"

प्रसेनजीत बुटानं माती उकरत राहिला. "तिथंबी."

"मग बोलला न्हाईस कधी?"

"तुमी एवढं जीव लावून पोरास्नी सांगतासा... कसं बोलायचं?"

केरबा जवळच्या काळ्या कातळावर बसले. म्हणजे रोज संध्याकाळी ते जिवंत मंडळींची शोकसभा भरवत होते, आणि ती मंडळी सभेत बसून गात होती! त्यांना हसू आलं. ते हसलेही, मोठ्यानं. पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. ग्राइंडरनं लोखंडाबरोबर कानांतले असले बारीक आवाजही घासून नेले होते, ते आज कळत होतं.

"म्हंजे त्ये हायत सगळी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं हळू बोलले असतील. "मीच गेलो व्हय तिथनं."

अंधारायला लागलं तशी समोरची पाण्याची रेघ पुसट झाली. गवत तेवढं गात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला केरबा तळ्याकडं निघाले, पण कंगवा कपाटावर ठेवून. पोरं अजून यायची होती. तळ्याचं पाणी जांभळं झालं होतं. रस्त्यावरचा दिवा पेटला.

"अक्षे," पाण्याकडं बघतच त्यांनी विचारलं, "खांब वाजतोय का गं?"

"वाजतोय, आबा."

"बरं हाय. वाजू दे."

अक्षतानं फ्रॉकच्या खिशातून कंगवा काढला, त्यांचाच, कपाटावरून हळूच उचललेला. गुडघ्यांवर उभी राहून ती आबांच्या कानाशी झुकली आणि तिनं कंगव्याच्या दातांवरून नख ओढलं. किर्र. किर्र. केरबा दचकून वळणार, तोच तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

गवतातला रातकिडा थांबला, तशी तीही थांबली. श्वास धरून ऐकत राहिली. तो पुन्हा सुरू झाला, तसं तिनं नख कंगव्यावर टेकवलं.