जेलीचे नऊ वाडगे

ऑरविल हाउगेनच्या प्रोग्रॅमचं काम एकच. चर्चच्या जेवणाला कोणी घरून काय आणायचं ते आधी ठरवून द्यायचं, म्हणजे टेबलावर जेलीचे नऊ वाडगे आणि पाव एकही नाही असं होत नाही. अमेरिकेतल्या डुलुथ गावात हे दुःख ज्यानं भोगलं त्यालाच कळतं.

पूर्वी तो प्रोग्रॅम स्वतःच्या वेबसाइटवर पंचवीस डॉलरला विकायचा. मग शहाणपणा करून अ‍ॅप स्टोअरवर गेला. तिथे शंभरातले तीस स्टोअरचे, गिऱ्हाइकांची नावं स्टोअरलाच ठाऊक, आणि शेजारी फुकटातले चाळीस प्रोग्रॅम मांडलेले. पंचवीसचे दहा केले, दहाचे पाच. तरी एकानं एकच तारा देऊन लिहिलं, एवढ्यात कॉफी येते. कॉफीवाल्याकडे त्यानं जन्मभर फुकट कप भरून मागितला नसेल. ऑरविलकडून मात्र सुधारणा जन्मभर फुकट हव्या होत्या.

बायकोचा, आर्डिसचा, भाऊ व्हर्लिन बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याचा निरोप आला होता: ऑक्टोबरात प्रोग्रॅमनं घराचा हप्ता भरला तर ठीक, नाहीतर नोव्हेंबरच्या एक तारखेपासून माझ्याकडे कामाला ये, ग्रीस फुकट मिळेल. ऑरविलला तर बोट लागायची, ती किनाऱ्यावर उभी असली तरी.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं किंमत नव्याण्णव सेंट करायचं ठरवलं. स्टोअरवर आकडा लिहायचा नसतो, लांबलचक यादीतली ओळ निवडायची असते. त्याचा वाचायचा चष्मा नेमका आर्डिसच्या डोक्यावर. त्याला नव्याण्णव दिसले, त्यानं निवडले, आणि आठवडाभर विक्री बघायची नाही अशी शपथ घेतली.

आठव्या दिवशी बघतो तर एकोणीस प्रती खपलेल्या, दर नव्याण्णव डॉलर. स्टोअरचा वाटा जाऊन हप्ता निघत होता. ऑरविलनं सेंटऐवजी डॉलरची ओळ निवडली होती. पैसे परत करावेत तर घेणारे कोण, हेच माहीत नाही.

"तक्रार आलीय का एकाची तरी?" आर्डिसनं विचारलं.

"आपल्याकडे पाय तुडवला गेला तर ज्याचा पाय तो माफी मागतो. तक्रार कोण करणार?"

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं, दोघं गेले. टेबलावर जेलीचा वाडगा एकच. ऑरविल समजला, एक प्रत इथेच आली होती. महिला मंडळाच्या खजिनदार बर्निस टोलेफसन, वय ऐंशी, हॉटडिश, म्हणजे ओव्हनमधला बटाटे-मांसाचा गरम पदार्थ, वाढत होत्या. त्यानं त्यांच्याजवळ जाऊन सगळी कबुली दिली आणि चेक पुढे केला.

त्यांनी चेककडे पाहिलंही नाही. "पोरा, पाच डॉलरला होतं तेव्हा मी ते माझ्या पर्समधून घेतलं होतं. त्याला कुत्र्यानंही विचारलं नाही. नव्याण्णव म्हटल्यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या, ठराव झाला, मंडळाच्या नावानं नवं घेतलं. आता ठराव मोडायची कोणाची छाती आहे?"

"पण बाई, ते चुकून झालं."

"ते टेकडीवरच्या चर्चला सांगू नकोस. आमच्यावर मात करायला त्यांनी दोन घेतलेत. एवढे पैसे मोजल्यावर मी गावभर फोन करून सांगणारच ना."

तेवढ्यात व्हर्लिन दारात आला. हातात हिरव्या जेलीचा भलामोठा वाडगा. बर्निसबाईंनी भिंतीवर लावलेल्या प्रोग्रॅमच्या यादीकडे बोट केलं. त्याच्या नावापुढे पाव होता. गावभर सगळ्यांना दरडावणारा व्हर्लिन मान खाली घालून वाडग्यासकट परत गाडीकडे गेला.

ऑरविलनं चेकची घडी करून खिशात ठेवली. आर्डिस डोक्यावरचा चष्मा काढून त्याला द्यायला लागली, तर तो म्हणाला, "राहू दे. छान दिसतो तिथे."