शेकायच्या पिशवीचा हेवा

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. लाल रबराची, अंगावर उभ्या रेघा, तोंडाला काळं बूच. मित्रांनो, हेवा हा माझा मूळ स्वभाव आहे, हे आधीच सांगून टाकते. उकळतं पाणी पोटात घेऊन जगणारीनं डोकं थंड ठेवावं, अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

कारखान्यातल्या साच्यातून निघून मी बारामतीच्या एका औषधांच्या दुकानात आले आणि तिथं खुंटीला टांगून राहिले. शेजारची गुलाबी पिशवी माझ्याआधी विकली गेली, ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. मग एक दिवस वडगाव निंबाळकरचे मोहनराव आले. उसाला पाणी देता देता त्यांची कंबर धरली होती. त्यांनी मला घरी नेलं. त्यांची कंबर काही दिवसांत सुटली, आणि मी त्यांच्या मुलीच्या, राजेश्वरीच्या, वाट्याला आले.

राजेश्वरी तेव्हा तिसरीत होती. तिचे गुडघे सुजायचे, मनगटं सुजायची, मधूनच ताप यायचा. कुणी म्हणालं, वाढीचं वय आहे. कुणी म्हणालं, कुठंतरी पडली असेल आणि सांगत नसेल. संधिवात हे नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, कारण तो म्हाताऱ्या माणसांचा आजार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. नाव कळेपर्यंत पोर पाचवीत गेली. बारामतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर निकिता मॅडमनी ते सांगितलं, बालसंधिवात. मग गोळ्या सुरू झाल्या.

ती वर्षं माझ्या सुखाची होती. पहाटे धारा काढून मोहनराव दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघाले, की राजेश्वरीची आई संजीवनी मला स्वयंपाकघरातल्या खुंटीवरून काढायची, गरम पाणी भरायची आणि लेकीच्या पांघरुणात सरकवायची. आधी गुडघे, मग मनगटं, मग बोटं. थोड्या वेळानं पोर उठून चालू लागायची. तिच्याच जुन्या स्वेटरची गवसणी मला शिवली होती. संजीवनी शेजारणींना सांगायची, की गोळ्यांचं काही खरं नाही, पिशवीच गुणाची आहे. हे ऐकून मी आणखी फुगायचे.

आणि मग फोन माझ्या सुखात मिठाचा खडा होऊन आला. तो घरात आधीपासून होताच, पण आता त्याला मान मिळाला. निकिता मॅडम मुलांच्या संधिवातावर संशोधन करत होत्या. बारामती आणि इंदापूरकडच्या खेड्यांतली, हा आजार असलेली मुलं त्यांनी त्यात घेतली होती. त्यांनी संजीवनीला समजावून सांगितलं, की लहान मूल दुखतंय म्हणून सांगत नाही, ते नुसतं खेळायचं थांबतं. शिवाय दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार होते, सांधे सैल होतात, आणि सकाळचं आखडणं डॉक्टरला दिसतच नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी मुलानं जाग आल्या आल्या मूठ मिटायची, उठायचं, चार पावलं चालायचं, आणि त्याचा व्हिडिओ घरच्यांनी पाठवायचा. गोळ्यांनी ज्यांचा आजार आवरत नाही त्यांना इंजेक्शन सुरू करायचं की नाही, हे तपासणीबरोबर त्यावरूनही ठरणार होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षानुवर्षं पोळून घ्यायचं मी, आणि बघायला बोलावलं कुणाला, तर या उपटसुंभाला. संजीवनी त्याची काच पदरानं पुसायची. मला कधी कुणी पुसलं नाही.

पण संजीवनीनंच नकळत माझी बाजू घेतली. पाहुणे यायचे म्हटलं की आपण अंगण झाडतो, पसारा कॉटखाली ढकलतो. तिनं लेकीचं तेच केलं. व्हिडिओच्या दिवशी आधी मी, तीही नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग वेणी, टिकली, इस्त्रीचा ड्रेस. आणि मग फोन. राजेश्वरी मूठ मिटायची, चालायची, हसायचीसुद्धा. चार माणसांत पोरीला लंगडताना दाखवायचं नाही, उद्या तिचं लग्न जमवायचंय, असं संजीवनी जावेजवळ बोलली होती. आईचं काळीज ते, त्यात खोट नव्हती.

तपासताना मॅडम सुजलेल्या मनगटावर बोट ठेवून विचारायच्या, सकाळी आखडतं का?

"न्हाय मॅडम," संजीवनी म्हणायची. "तुमी बघितलं न्हवं का, चांगली चालती की."

इंजेक्शन लांबणीवर पडलं आणि मला गड जिंकल्यासारखं वाटलं. ते इंजेक्शन म्हणे फ्रीजमध्ये ठेवावं लागतं; ती गारढोण सवत माझ्या घरात येणार नव्हती.

इकडे राजेश्वरीचं मनगट मात्र वाकेनासं झालं. पाण्याचा तांब्या ती दोन्ही हातांनी उचलू लागली. हायस्कूलला जायला घेतलेली नवी सायकल पडवीत तशीच उभी होती, कारण तिला ब्रेक दाबता येत नव्हता. या हातानं सायकल कधी चालवायची, हे ती कुणाला विचारत नव्हती, पण जाता येता सायकलकडे बघायची. मी याचंही खापर फोनवरच फोडलं.

पुढच्या व्हिडिओच्या दिवशी पहाटे मी खुंटीवर नव्हते. आदल्या संध्याकाळी शेकून झाल्यावर, पाणी गार होऊन, मी अंथरुणातच राहिले होते. राजेश्वरीला जाग आली. तिनं मला कोपरानं पुढं ढकललं, दोन्ही तळहातांत फोन धरला आणि माझ्या अंगाला टेकवून उभा केला. माझ्या अंगाला! रबराला घसरायला कितीसा वेळ लागतो? मी घसरणारच होते.

तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. मित्रांनो, या पोरीला माझ्याएवढं कुणी ओळखत नाही असं मी मानत आले होते. पण मी तिच्याकडे जायचे ती नेहमी गरम होऊन. माझ्या आधीची राजेश्वरी मी कधी बघितलीच नव्हती. तिची मूठ अर्धीच मिटली. भिंतीचा आधार घेत, गुडघे न वाकवता ती कशीबशी उठली. एक पाऊल टाकलं, आणि ओठ दाताखाली धरून तिथंच थांबली.

संजीवनी गरम पाण्याचं पातेलं घेऊन आत आली. "अगं थांब की, आधी शेकू दे."

"नगं, आई," राजेश्वरी म्हणाली. "तू मला बरी करून दावतीस. मग त्या मला बरी कशी करत्याल?"

लेकीचं पुढचं पाऊल पडल्यावर संजीवनीनं पातेलं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी जागची हलले नाही. फोनवर मेहरबानी म्हणून नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

तो व्हिडिओ बघून मॅडमनी दोघींना बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, शेकणं सोडू नका, त्यानं तिला आराम पडतो. पण मला त्याच्या आधीचं दाखवा. हिचं दुखणं झाकलं, तर हिच्यासारख्या पुढच्या मुलींबद्दलही आम्ही चुकीचंच शिकू."

इंजेक्शन सुरू झालं. ते फ्रीजमध्ये दह्याशेजारी ऐटीत राहतं, आणि त्याच्यावर मी जळतेच. उशीर झाला तेवढा झाला, एक मनगट थोडं ताठ राहिलं. पण काही महिन्यांनी मूठ पुरी मिटू लागली.

आता मी बहुतेक दिवस खुंटीवर असते. रबराला भेगा पडल्यात. व्हिडिओच्या दिवशी मला काढतात ते फोनला टेकू द्यायला, तेही गार पाण्यानं भरून. फोनला वाटतं, सगळं तोच बघतो. त्याला उभं कोण धरतं, ते विचारा.

मित्रांनो, माझ्यासारखीला वापरून झाल्यावर पाणी काढून उलटी टांगत जा. आणि तुमच्या ओळखीचं एखादं मूल सकाळी उठताना रडत असेल, खेळातून मागं राहत असेल, तर त्याला नुसतं शेकत बसू नका, डॉक्टरला दाखवा, आणि जसं आहे तसं दाखवा. पसारा पाहुण्यांपासून लपवावा, दुखणं डॉक्टरपासून लपवू नये.

काल सकाळी संजीवनीनं सवयीनं पाणी तापत ठेवलं आणि मला खुंटीवरून काढलं. अंथरुणात राजेश्वरी नव्हतीच. बाहेर उतारावर सायकलचा ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला. संजीवनी दारापर्यंत गेली, बघून परत आली, मला पुन्हा खुंटीला अडकवलं आणि त्या पाण्यात चहाची पूड टाकली.

आता मी त्या सायकलवर जळते. फोनवर किंवा इंजेक्शनवर कधी जळले नसेन, इतकी जळते. आणि देवाजवळ एकच मागते, की ही माझी जळजळ कधी थांबू नये.