सरळ उभी राहा

त्या घरातली सकाळ घाईची असे. बाई चहाचा कप हातात घेऊनच केस विंचरत. त्यांचे निवृत्त यजमान पेपरची घडी मोडेल म्हणून तो कुणाला हात लावू देत नसत. आणि सून इस्त्री, डबे आणि दुधाचं पातेलं या तिन्हींकडे एकाच वेळी बघत असे.

त्या दिवशी ती डाव्या हातानं इस्त्री फिरवत होती. उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं.

"हात का असा धरलायस गं?" बाईंनी विचारलं.

"अवघडलाय. झोपेत वेडावाकडा पडला असेल."

"सेंटरवर गेल्यावर बघते."

इतक्यात मुलगा आंघोळ उरकून बाहेर आला. "आई, गोळी घेतलीस का? विसरतेस तू," म्हणत त्यानं पाण्याचा ग्लास आईच्या हातात दिला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तो स्वतः हात धरून पायरी उतरवून देई. असा मुलगा सगळ्यांना मिळो, असं त्यांतल्या बायका बाईंना रस्त्यात थांबवून सांगत, आणि बाईंना ते ऐकायला आवडे. सुनेनं इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर ठेवला आणि नवऱ्याच्या वाटेतून बाजूला झाली. हे बाजूला होणं इतकं सवयीचं होतं, की घरात ते कुणाला दिसतही नव्हतं.

एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर बाईंचं मसाज थेरपीचं प्रशिक्षण केंद्र होतं. बाई हे त्यांचं सगळ्यांनी ठेवलेलं नाव. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं मोठमोठ्या दवाखान्यांत काम करत होती. सून केंद्रात फोन घेई, लोकांच्या वेळा ठरवी, चादरी बदली. कामाला कधी नाव ठेवायला जागा नसे.

त्या दिवशी नव्या तुकडीला मायोफेशियल रिलीज शिकवायचं होतं. बाईंनी एक संत्रं सोलून फोड वर धरली.

"या फोडीवर हा पांढरा पापुद्रा दिसतोय? आपल्या प्रत्येक स्नायूवर असाच एक असतो. तो आखडला की माणूस आखडतो. तो सैल करायला बोट खुपसायचं नाही. हात ठेवायचा, जरासा ताण द्यायचा आणि थांबायचं. आतून ढिलं पडेपर्यंत वाट बघायची. आणि माणूस नको म्हणाला, की हात तिथल्या तिथे उचलायचा."

"आणि तो लाजून म्हणालाच नाही तर?" एका धिप्पाड विद्यार्थ्यानं विचारलं. तो व्यायामशाळेत शिकवायचा. तुकडीत सगळे त्याला पैलवान म्हणत.

"म्हणून तर हात लावायच्या आधी विचारायचं. आणि उभं करून शरीराची ठेवण तपासताना तर्क लढवायचे नाहीत. दिसतं तेवढंच बोला. तसं का झालं, ते त्या माणसालाच विचारा."

ठेवण तपासायला नेहमी एक निवृत्त पोस्टमन येत. आयुष्यभर पिशवी वाहून त्यांचा एक खांदा कायमचा उतरला होता आणि तो दाखवायला त्यांना मोठी हौस होती. पण त्या दिवशी त्यांना ताप भरला. बाईंनी दारातून हाक मारली, "अगं, जरा ये. मिनिटभर उभी राहा यांच्यापुढे."

सून टेबलापासून उठली नाही. "आई, आज नको."

"त्यात काय एवढं? लाजतेस काय, सगळे घरचेच आहेत."

"खरंच नको. दुसऱ्या कुणाला घ्या ना."

"वेळ जातोय गं," बाई म्हणाल्या. आवाजात थोडी कुरकुर आली. वीस जणांपुढे सून आपलं ऐकत नाही, हे त्यांना बरं दिसलं नाही. सून उठली आणि वर्गाच्या मधोमध येऊन उभी राहिली. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता होता आणि गळ्यापर्यंत ओढणी.

"सरळ उभी राहा," बाई म्हणाल्या. "नेहमीसारखी. हं, बोला आता. काय दिसतंय?"

"उजवा खांदा वर," कुणीतरी म्हणालं.

"मान आत ओढलीय. हनुवटी छातीकडे."

"सगळं वजन मागच्या पायावर आहे," तिसरी म्हणाली. "म्हणजे आत्ता पळायचं असलं तर..." बाईंचा नियम आठवून तिनं जीभ चावली.

तुकडीत एक निवृत्त नर्स होत्या. त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "श्वास रोखलाय हिनं," त्या हळूच म्हणाल्या. "आल्यापासून."

"चला, मागून बघू," बाई म्हणाल्या. "पैलवान, तो ओळंबा धरा डोक्यामागे. दोरी सरळ सुटू दे."

पैलवान ओळंबा घेऊन सुनेच्या मागे गेला आणि दोरी सोडायला त्यानं हात वर उचलला. त्याची सावली समोरच्या भिंतीवर पडली.

सून एकदम खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी, तोंड बाजूला वळवलेलं. बाही कोपराच्या वर सरकली, आणि उजव्या दंडावर बोटांचे निळे-पिवळे वळ सगळ्या वर्गाला दिसले.

पैलवानाच्या हातातून ओळंबा सुटून फरशीवर आपटला. "ताई, अहो... मी दोरी धरत होतो फक्त," तो रडवेला होऊन म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

बाई हसल्या. हसू त्यांना आलं नव्हतं, त्यांनी ते काढलं. "फार घाबरट आहे हो आमची सून. ऊठ गं, काय हे!"

कुणीच हसलं नाही. त्या शांततेत बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि कुणीतरी कानाखाली मारावी तसं झालं. त्यांनी वर्गाला बाहेर चहा प्यायला जायला सांगितलं. नर्सबाई तेवढ्या दाराशी थांबल्या. "मी इथेच आहे," म्हणाल्या आणि आतून दार लोटून घेतलं.

बाई सुनेसमोर फरशीवर बसल्या. हात लावायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या.

"हात धरू?"

सुनेनं मान हलवली. नको.

"त्यानं केलं?"

सुनेनं सरकलेली बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, आई? आपल्या दोन्ही खोल्यांना भिंत एकच आहे. आमच्याकडे आवाज सुरू झाला, की बाबा टीव्ही मोठा करतात."

बाईंना सगळं माहीत होतं. फुटलेली कपबशी, न्हाणीघरात तासभर सुरू राहिलेला नळ, घरातल्या घरात घातलेल्या लांब बाह्या, पाठीत सणक आली म्हणून रद्द केलेलं माहेरी जाणं. शहरातल्या कुणाच्याही पाठीकडे बघून तो माणूस कसा झोपतो ते सांगणाऱ्या या बाईंनी, आपल्याच स्वयंपाकघरात वावरणाऱ्या पाठीकडे बघायचं टाळलं होतं. नवराबायकोत मध्ये पडू नये, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. आणि त्यांनी ते शहाणपण समजून जपलं होतं.

"माहेरी सांगितलंस?"

"गेले होते ना. वहिनी म्हणाली, जुळवून घे. आई म्हणाली, सासूबाई इतक्या चांगल्या आहेत तुझ्या, त्यांच्याकडे बघून दिवस काढ."

सुनेच्या कुर्त्याच्या खिशात मोबाइल थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. सून ताडकन उठली. "त्यांचाय. जेवणाच्या सुट्टीत करतात. उचलला नाही तर..."

"नको उचलूस."

"तुम्हाला नाही कळत, आई. नाही उचलला तर ते इथे येतील."

"येऊ दे."

दुकान दोनच गल्ल्या पलीकडे होतं. फोन थरथरत राहिला, मग गप्प झाला, आणि ती शांतता फोनपेक्षा वाईट होती. बाहेर कपांचे आवाज येत होते. सून दाराकडे तोंड करून भिंतीला टेकून बसली. बाईंनी विचारलं, "तुला काय हवंय? मी काय करावं ते नको सांगूस. तुला काय हवंय?"

हा प्रश्न तिला लग्नानंतर कुणी विचारला नव्हता. "मला पोलिसांत सांगायचंय," ती म्हणाली. "पण एकटीनं नाही. एकटीचं कुणी खरं मानत नाही. ते इतके चांगले आहेत ना सगळ्यांशी."

जिन्यावर पावलं वाजली.

तो आत आला तो हसतमुखानंच. "नमस्कार नर्सबाई, नवा चष्मा ठीक बसतोय ना? नाकावर घसरत असला तर या, दांडी आवळून देतो." मग बायकोकडे वळला. "फोन का नाही उचललास? जीव टांगणीला लागला माझा. चल घरी. बरं वाटत नाहीये तुला."

"मी येणार नाही," सून म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की तिला तो पुन्हा काढावा लागला. "मी येणार नाही."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "तमाशा नको हं इथे. आईच्या पोटापाण्याची जागा आहे ही." तो दोन पावलांत तिच्याजवळ पोचला आणि त्यानं तिचा उजवा दंड धरला. बरोबर त्याच जागी. ती कळवळली.

"हात सोड," बाई म्हणाल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस. आमच्या दोघांतलं आहे हे."

"हात सोड म्हटलं ना!"

तो सोडेना. मग बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकला आणि दाबला गेला, आणि त्या मोठ्या मुठीतली बोटं एकेक करून उघडली. बाहेरून पैलवान आणि बाकीचे दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे बघून त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"माझी आई आहेस ना तू?"

"आहे," बाई म्हणाल्या.

तो उभा राहिला. आई आणखी काहीतरी बोलेल, लोकांना घालवून देईल, सारवासारव करेल, अशी त्याला खात्री होती. आजवर तिनं तेच केलं होतं. बाई काहीच बोलल्या नाहीत. शेवटी तोच वळला आणि दारातल्या माणसांना बाजूला सारत जिना उतरून गेला. मग बाई मसाजच्या टेबलावर टेकल्या.

नर्सबाई पुढे आल्या. "आधी डॉक्टरांना दाखवू. वळ आहेत तोवर. मी येते सोबत."

दवाखान्यातून पोलीस ठाण्याकडे जाताना रिक्षात बाईंचा फोन वाजला. यजमान होते. मुलानं त्यांना कळवलं होतं.

"तू कुठे निघालीयस ते मला माहीत आहे," ते ओरडत नव्हते, विनवत होते. "अगं, पोटचा पोर आहे तो. संध्याकाळी बसून समजावू त्याला. चार भिंतींतलं चार भिंतींत राहू दे. उद्या दुकानात कोण येईल? लोक काय म्हणतील?"

"लोक आजवर काय म्हणत होते, ठाऊक आहे?" बाई म्हणाल्या. "असा मुलगा सगळ्यांना मिळो म्हणत होते. आणि मी ते ऐकून घेत होते."

"तू घरी ये. मग बोलू."

"घरी कुणाला घेऊन येऊ? त्याला की तिला? ते ठरवून ठेवा. दोघांना एका घरात मी ठेवणार नाही." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लागेना. सुनेनं ती लावून दिली.

ठाण्यात फार गर्दी नव्हती. पंखा आवाज करत फिरत होता. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं सुनेला बसायला सांगितलं आणि मग तिच्याशेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. अशा वेळी सोबत कोण येतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"तुम्ही मुलीच्या आई ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मुलाची."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे तक्रार मिटवायला आलायत?"

"साक्ष द्यायला आलेय."

त्यानं पेन खाली ठेवलं, बाईंसाठी खुर्ची ओढली आणि पुन्हा पेन उचललं. सून सांगू लागली. ती सावकाश सांगत होती, मध्ये थांबत होती, आणि कुणी तिला घाई केली नाही. तिचं सांगून झाल्यावर अधिकारी बाईंकडे वळला.

"हे तुम्हाला केव्हा कळलं? आज?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. आज कळलं, लगेच घेऊन आले, असं म्हटलं असतं तर त्या खोलीतल्या सगळ्यांनी मान डोलावली असती. सूनही काही बोलली नसती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, पण ऐकत होती.

"आज नाही," बाई म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षीच कळलं. आवाज येत होता, वळ दिसत होते. मी विचारलं नाही."

अधिकाऱ्याचं पेन थबकलं. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा," त्या म्हणाल्या. "एकही शब्द गाळू नका."

सुनेनं तेव्हा पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.