सगळ्यात हलका भार

दचकू नका, हा घूं घूं आवाज माझाच. गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसलेला मी ट्रान्सफॉर्मर बोलतोय. कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची वेटोळी बसवली, वर तेल भरलं आणि इथे आणून चढवलं ते कायमचं. पाहुण्यांना पत्ता सांगताना लोक माझं नाव घेतात. एरवी वीज गेली की शिव्या घालायलाच माझी आठवण होते.

पूर्वी काम सरळ होतं. आलेली वीज मी घराघरांत वाटायचो. मग छपरांवर सौर पॅनेल आली आणि भर दुपारी घरांना पुरून उरलेली वीज उलट माझ्याकडेच येऊ लागली. कमावत्या लेकरांनी हातावर काही ठेवावं, तसं वाटलं. मी हरखून गेलो.

पण पाठोपाठ विजेवरच्या गाड्या आल्या. ऊन उतरलं की सगळे घरी येत आणि पायातले बूट काढायच्या आधी गाडी चार्जिंगला लावत. पॅनेल तोवर झोपलेली, भार सगळा माझ्यावर. अंगाची नुसती लाही लाही व्हायची. एका संध्याकाळी फ्यूज उडालाच.

कोपऱ्यावरच्या घरात आजोबांचं श्वासाचं मशीन बंद पडलं. सुनेनं धावत जाऊन ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला. मला खिडकीतून सगळं दिसत होतं, करता काहीच येत नव्हतं.

वायरमनने फ्यूज बदलला आणि गल्लीला बजावलं, "सगळ्यांनी एकदम गाड्या लावू नका. जरा मागेपुढे करा." लोक समजूतदार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीच गाडी लावली नाही. जेवणं झाल्यावर लावली, सगळ्यांनी! पुन्हा अंधार.

"अहो, मागेपुढे म्हणालो होतो," वायरमनने कपाळाला हात लावला. "तुम्ही तर सगळेच मागे गेलात!"

लोक हसले. सून हसली नाही. "गाड्या सकाळपर्यंत थांबतील हो," ती म्हणाली. "बाबांना तेवढं थांबता येत नाही."

मग शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "माझी गाडी दुपारी घरीच असते. मी उन्हातच लावत जाईन." रिक्षावाले काका म्हणाले, "मीही जेवायला येतो तेव्हा लावतो." उरलेल्यांनी नंबर लावून घेतले. आता एकाची गाडी झाली की तो शेजारच्या दाराची बेल वाजवतो. तेव्हापासून फ्यूज उडालेला नाही.

आता मी थकलोय. अंगातून तेल झिरपतं. उद्या माझ्या जागी नवा, मोठा भाऊ येणार आहे. बाबा रे, गाड्या आणि गिझर आपली विजेची ओढ तुला आपणच जाणवून देतील. पण कोपऱ्यावरच्या घरातून एक बारीकशी ओढ येते, अखंड. ती तेवढी ओळखून ठेव.

आणि तुम्ही मंडळी, मला उतरवताना वीज बंद कराल. त्याआधी सुनेला सांगा. सिलिंडर भरलेला आहे ना, बघून घ्या. मग खुशाल उतरवा मला.